चार्जिंगचा पंप नेमका कुठला? एका शेतकरी उत्पादक कंपनीचा ‘स्थानिक’ मालाचा हिशेब

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूच्या एका तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनीचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून कंपनी, गाव आणि खरेदीदार यांची नावे दिलेली नाहीत. किमती गोल केल्या आहेत.

कंपनीचा मूळ धंदा बियाणे-खते विकण्याचा आणि तूर-सोयाबीन खरेदीचा. कृषी सेवा केंद्रात सर्वांत जास्त खप आणि सर्वांत जास्त कटकट एकाच वस्तूची होती: पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप, गावात ज्याला चार्जिंगचा पंप म्हणतात तो. कापसावर जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारण्या चालतात. त्या काळात पंप बंद पडला की दुकानदार नागपूरच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, व्यापारी आणखी पुढे, आणि बोंडअळी कोणासाठी थांबत नाही. म्हणून कंपनीने एका शेडमध्ये पंपांची जुळणी सुरू केली. बचत गटाच्या आठ महिला दिवसाला साधारण २५ पंप जुळवून, पाणी भरून तपासत.

या भागात पंप कुठला आहे हा प्रश्न नुसता अभिमानाचा नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, पण बारीक तुषार उडवणाऱ्या चिनी पंपांचे नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी आले. आजही गिऱ्हाईक पंप उचलून पाहते आणि पहिला प्रश्न विचारते, ‘भाऊ, चायनाचा तं नाही ना?’ त्या प्रश्नाला उत्तर म्हणून कंपनीने एक हजार स्टिकर छापून घेतले होते: ‘१०० टक्के विदर्भात निर्मित’.

अडचण

एप्रिलमध्ये सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून खाणीलगतच्या गावांना वाटण्यासाठी ६०० पंपांची निविदा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर काढली. माल १५ जूनपर्यंत हवा होता. कंपनीचा विक्रीदर जीएसटी वगळून २,४०० रुपये होता, म्हणजे साधारण १४ लाख ४० हजारांचे काम. निविदेसोबत एक घोषणापत्र भरायचे होते: वस्तूत स्थानिक (म्हणजे भारतात तयार झालेले) मूल्य किती टक्के आहे आणि ती मूल्यवृद्धी कोणत्या ठिकाणी होते.

या घोषणापत्राच्या मुळाशी केंद्र सरकारचा सार्वजनिक खरेदीत ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा २०१७ चा आदेश आहे. सप्टेंबर २०२० च्या सुधारणेनंतर त्यात तीन पायऱ्या आहेत. स्थानिक मूल्य ५० टक्के किंवा जास्त असेल तर क्लास-१ पुरवठादार, २० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असेल तर क्लास-२, आणि त्याखाली बिगर-स्थानिक. पाच लाखांखालच्या खरेदीला आदेश लागू नाही. १० कोटींपर्यंत पुरवठादाराचे स्वतःचे प्रमाणपत्र चालते, सनदी लेखापालाची सही लागत नाही. पण घोषणा खोटी निघाली तर दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाहेर राहावे लागू शकते.

व्यवस्थापकाने कच्च्या अर्जात १०० टक्के लिहिले. त्याच्या दृष्टीने त्यात खोटे काही नव्हते. फायलीतले प्रत्येक बिल नागपूर, राजकोट किंवा दिल्लीचे होते, प्रत्येकावर जीएसटी क्रमांक होता, आयातीचा एकही कागद नव्हता. हिशेब पाहणाऱ्या लेखापालाने फाईल परत केली आणि एकच प्रश्न लिहिला: बिल कोणी दिले ते कळले, माल कोणी बनवला?

सुट्या भागांचा माग

एक पंप खोलून टेबलावर मांडला गेला आणि प्रत्येक भागासाठी तीन रकाने केले: बिल कुठले, बनवणारा कोण, देश कोणता. दुसरा आणि तिसरा रकाना भरायला दहा दिवस लागले. पाच व्यापाऱ्यांकडे उगमाचे पत्र मागितले. दोघांनी लगेच दिले, दोघांनी फोनवर सांगितले आणि मग लेखी दिले. पाचवा म्हणाला, ‘बिल पाहिजे तेवढं घ्या, पत्र मागू नका.’ बॅटरी त्याच्याकडूनच येत होती. तिच्यावर नाव भारतीय ब्रँडचे होते. केसवरचा स्टिकर सोलल्यावर खाली मूळ कारखान्याचा छापा आणि तारखेचा कोड निघाला, तेव्हा प्रश्न मिटला.

परदेशातून आलेले भाग आणि व्यापाऱ्याच्या बिलातली त्यांची करासह किंमत अशी निघाली:

बॅटरी, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवर (बाजारात ‘१२ बाय ८’): ५२० रुपये
डायफ्राम पंप आणि मोटार: २९०
लान्स (फवारणीची दांडी), ट्रिगर, नोझलचा संच: २१०
चार्जर: १३०
स्विच, रेग्युलेटर, व्होल्टमीटर, वायरिंग: ११०

बेरीज १,२६०. उरलेल्या १,१४० रुपयांत नागपूरच्या हिंगणा भागातल्या कारखान्यात बनलेली १६ लिटरची टाकी (३३०), होज पाइप (६०), बचत गटाने शिवलेले पट्टे आणि गादी (७०), वायसर-गाळणी-स्क्रू (३०), खोका आणि छपाई (६०), जुळणीची मजुरी (१२०), वीज-भाडे-तपासणी (६०), वाहतूक (५०), वॉरंटीची तरतूद आणि कार्यालयीन खर्च (१३०) आणि कंपनीचा नफा (२३०).

आदेशातले सूत्र सरळ आहे. वस्तूच्या किमतीतून (देशांतर्गत अप्रत्यक्ष कर वगळून) आयात भागांची किंमत सीमाशुल्कासह वजा करायची आणि जे उरेल त्याची मूळ किमतीशी टक्केवारी काढायची. जुलै २०२४ च्या सुधारणेने एक पळवाटही बुजवली. आयात वस्तू देशातल्या वितरकाकडून घेतली तरी ती स्थानिक धरायची नाही, तिची करासह किंमत वेगळी दाखवायची, आणि बोली लावणारा स्वतः पुनर्विक्रेता असेल तर मूळ उत्पादकाचे उगम-प्रमाणपत्र जोडायचे. राजकोटचे बिल म्हणजे राजकोटचा माल, हा समज इथेच संपतो.

१,१४० भागिले २,४००: साडेसत्तेचाळीस टक्के. शंभर टक्के विदर्भातला म्हणून छापलेला पंप क्लास-१ मध्येही बसत नव्हता.

हा हिशेब आणखी खाली नेता येतो. टाकीचे प्लास्टिक दाणे देशी रिफायनरी-पेट्रोरसायन कारखान्याचे, पण भारत आपल्या गरजेचे बहुतांश कच्चे तेल आयात करतो. पट्टे गावात शिवले, पण पट्टीचे रोल नागपूरच्या इतवारी बाजारातून आले, आणि त्या पट्टीचा धागाही शेवटी पेट्रोलियमचाच. कापसाच्या जिल्ह्यात बनलेल्या पंपात कापूस एक ग्रॅमही नाही. कुठेतरी थांबावे लागते, आणि संचालक मंडळाने ठरवले की ज्या पातळीपर्यंत लेखी पत्र मिळवता येते तिथे थांबायचे. व्यवहारात हाच निकष टिकतो.

समोरचे पर्याय

मंडळाच्या बैठकीत चार वाटा मांडल्या गेल्या. त्यातली पहिली सगळ्यांत मोहक होती, म्हणून तिच्यावर जरा थांबायला हवे.

पहिली वाट: किंमत वाढवणे. सूत्रात नफा स्थानिक मूल्यात मोजला जातो. पंपात एकही स्क्रू न बदलता दर २,५५० केला तर आयात तेवढीच १,२६० राहते आणि स्थानिक मूल्य ५०.६ टक्के होते. कायद्याच्या अक्षरात यात चूक नाही. मात्र निविदा पुढे कशी चालते ते पाहिले की ही वाट कोसळते. सर्वांत कमी दर देणारा क्लास-१ नसेल, तर विभागता येण्यासारख्या मालात निम्मे काम त्याला मिळते. उरलेल्या निम्म्यासाठी, २० टक्क्यांच्या फरकाच्या आत असलेल्या सर्वांत कमी दराच्या क्लास-१ पुरवठादाराला त्या कमी दराला माल देणार का, असे विचारले जाते. म्हणजे शेवटी विक्री चढवलेल्या किमतीला होत नाही. दर खाली आला की टक्केवारीही खाली येते, आणि ज्या घोषणेच्या जोरावर काम मिळाले ती पुरवठ्याच्या दिवशी खरी राहत नाही. किंमत फुगवून गाठलेले ५० टक्के पहिल्याच घासाघिशीत हरवतात.

दुसरी वाट: क्लास-२ म्हणून प्रामाणिकपणे भरणे. बोली लावता येते, पण वरचे प्राधान्य मिळत नाही. व्यापाऱ्यांशी सरळ दरावर लढायचे, आणि कंटेनर भरून सुटे भाग आणणाऱ्याशी दरावर लढणे २५ पंप रोज जुळवणाऱ्या शेडच्या आवाक्यातले नाही.

तिसरी वाट: महाग आयात भाग देशी करणे. बॅटरी हा सर्वांत मोठा आकडा. देशी उत्पादकाची तशीच शिसे-आम्ल बॅटरी ६४० रुपयांना मिळत होती. त्याने स्वतःच्या स्थानिक मूल्याचे पत्र ८० टक्क्यांचे दिले, म्हणजे ६४० पैकी १२८ रुपये आयात धरायचे. अटी कडक होत्या: किमान ३०० नग, निम्मी रक्कम आगाऊ, चार आठवडे मुदत.

चौथी वाट: लिथियम पॅक. वजन कमी, आयुष्य जास्त, शेतकऱ्यांची मागणीही होती. पुण्यात जुळवलेला पॅक मिळत होता, पण आतले सेल आयात आणि किमतीचा मोठा वाटा सेलचाच. स्थानिक टक्केवारीसाठी ही वाट उलट्या दिशेची, म्हणून ती पुढच्या हंगामावर ढकलली गेली.

लान्स-ट्रिगरचा देशी संच ५० रुपये महाग होता. तो एकाच वेळी बदलायचा का यावर मते दुभंगली. तपासणी सांभाळणाऱ्या ताईंचे म्हणणे होते की एका हंगामात एकच मुख्य भाग बदलावा, नाहीतर बिघाड आला तर तो कशामुळे आला ते कळणार नाही. ते मान्य झाले.

काय केले

बॅटरी बदलली. नफा सोडून पंपामागचा खर्च २,१७० वरून २,२९० झाला, दर २,५२० ठरला. आयात भाग ८६८ रुपयांवर आले आणि स्थानिक मूल्य साडेपासष्ट टक्के निघाले. घोषणापत्रात ६५ लिहिले. टाकी, पट्टे, जुळणी आणि तपासणी कुठे होते त्या ठिकाणांचे पत्ते दिले आणि बॅटरीच्या नव्या उत्पादकासह पाचही पुरवठादारांची पत्रे जोडली. गावापर्यंत पोहोच आणि वापराचे प्रशिक्षण यांचा वेगळा खर्च स्थानिक मूल्यात धरला नाही. तयार आयात माल आणून वाहतूक, प्रशिक्षण, विक्रीनंतरची सेवा यांच्या जोरावर स्थानिक म्हणवून घेता येणार नाही, असे स्पष्टीकरण केंद्राने मार्च २०२१ मध्येच दिले आहे. इथे पंप जुळवला जात होता, तरी लेखापालाने ती रक्कम बाहेरच ठेवली.

भाग कुठला याच्याशी संबंध न ठेवता तपासणी कडक केली. प्रत्येक बॅटरी पूर्ण चार्ज करून १२ तास तशीच ठेवायची, मग व्होल्टेज पाहायचे. १२.७ च्या आसपास असेल तर पुढे, १२.४ खाली असेल तर परत. नंतर मोटार जोडून अर्धा तास चालवायची. मोटार साधारण २ ते ३ अँपिअर ओढते, आणि कमजोर बॅटरी इथेच उघडी पडते. जुन्या आयात बॅटऱ्यांचा खरा दोष बनावटीचा नव्हता, वयाचा होता. जहाज, गोदाम, दुकान असे महिनोन्‌महिने चार्ज न होता पडून राहिल्याने प्लेटांवर सल्फेट धरायचे. चार आठवड्यांपूर्वी भरलेली देशी बॅटरी ताजी म्हणूनच चांगली ठरली. पाण्याची तपासणी प्रत्येक पंपाची: पूर्ण १६ लिटर भरून, ट्रिगर बंद ठेवून प्रेशर स्विच मोटार बंद करतो का ते पाहायचे, मग टाकीचा बूड, होजचे क्लिप आणि ट्रिगरची मूठ कोरड्या कपड्याने पुसून ओल शोधायची. गळणारा पंप म्हणजे पाठीवरून उतरणारे विष. या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको.

छापलेले हजार स्टिकर रद्द केले. खर्च किरकोळ होता, वाद मोठा झाला. एका संचालकाचे म्हणणे, सगळेच तसे लिहितात. त्यावर लेखापालाचे उत्तर असे होते: आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम खोक्यावर निर्मात्याचे नाव-पत्ता मागतात, आत कोणत्या देशाची मोटार आहे ते विचारत नाहीत. पण ‘१०० टक्के’ हे तुम्ही न विचारता दिलेले वचन आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. नवे लेबल असे झाले: ‘जुळणी व तपासणी: तालुका अमुक, जि. यवतमाळ. टाकी: नागपूर. बॅटरी: भारत. मोटार-पंप, चार्जर, ट्रिगर, स्विच व वायरिंग: आयात. वायसर, डायफ्राम, ट्रिगर, स्विच आमच्या केंद्रात मिळतील.’

शेवटचे वाक्य मूळ मसुद्यात नव्हते. ते विक्री खिडकीवरच्या मुलाने सुचवले, कारण गिऱ्हाईक चायनाचा का असे विचारते तेव्हा बहुतेक वेळा बिघडला तर कुठे जायचे हे विचारत असते.

निष्पत्ती

सर्वांत कमी दर एका व्यापाऱ्याचा आला: २,३१०, आणि तो क्लास-१ नव्हता. त्याच्या दरावर २० टक्के म्हणजे २,७७२. कंपनीचा २,५२० त्याच्या आत होता. निम्म्या, म्हणजे ३०० पंपांसाठी २,३१० ला माल देणार का अशी विचारणा झाली. त्या दरालाही आयात ८६८ धरून स्थानिक मूल्य ६२.४ टक्के राहत होते. पहिली वाट धरली असती तर इथे २,३१० मधून आयातीचे १,२६० वजा होऊन ते ४५ टक्क्यांवर घसरले असते.

पंपामागे सुटणारा नफा मात्र २० रुपये उरला. मंडळाने काम घेतले. ३०० पंपांवर ६,००० रुपये हा नफा नावालाच, पण बॅटरीची किमान खरेदी या कामाने पूर्ण झाली आणि मजुरी-भाड्याचा खर्च निघाला. माल १५ जूनच्या आत पोहोचला.

किरकोळ विक्रीत नव्या लेबलने सुरुवातीला धक्का दिला. ‘आयात’ हा शब्द वाचून काहींनी पंप खाली ठेवला आणि शेजारच्या दुकानातून काहीच न लिहिलेला, म्हणजे पूर्ण आयात पंप घेतला. ऑगस्टनंतर चित्र बदलले, कारण सुटे भाग मिळतात ही गोष्ट फिरली.

हंगामात ज्या तक्रारी आल्या त्यांनी मंडळाला चकित केले. आयात मोटारींबद्दल जवळपास तक्रार आली नाही. बिघडले ते तीस रुपयांच्या यादीतले देशी वायसर. स्वस्त नैसर्गिक रबराचे ते वायसर ईसी प्रकारच्या (पाण्यात मिसळायच्या तेलकट) कीटकनाशकांतल्या द्रावकाने फुगले, ट्रिगर आणि टाकीच्या जोडातून गळती सुरू झाली. नायट्राइल रबराचे वायसर मागवून घरोघरी बदलून द्यावे लागले. वॉरंटीची तरतूद बहुतेक यातच गेली.

दुसरा फटका मोटारीच्या पुढच्या खेपेत बसला. बिल तेच, व्यापारी तोच, मॉडेलचे नाव तेच, पण बसवण्याची भोके चार मिलिमीटर सरकलेली आणि होज जोडायचे आटे वेगळ्या मापाचे. व्यापाऱ्याने मागे पुरवठादार बदलला होता आणि सांगण्याची गरज त्याला वाटली नव्हती. टाकीचा साचा हिंगण्यात पक्का, मोटार मात्र दर खेपेला बदलणारी. जुळणी आठवडाभर थांबली आणि शेवटी मध्ये पत्र्याची पट्टी देऊन काम भागवले.

वेगळे काय करता आले असते

भागांचा तीन रकान्यांचा तक्ता निविदा आल्यावर नव्हे, जुळणी सुरू करतानाच करायला हवा होता. व्यापाऱ्याशी पहिला सौदा करतानाच पत्राची अट घातली की ते सहज मिळते. घाईत मागितले की नकार येतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्वी व्यापारी म्हणून झालेली होती. जुळणीची शेड सुरू झाल्यावर ती उत्पादक म्हणून दुरुस्त केली नाही. सरकारी खरेदीत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जे वेगळे प्राधान्य आहे, ज्यात सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आतल्या उद्योगाला त्या दराला माल देण्याची संधी मिळते, ते व्यापारी म्हणून नोंदलेल्याला लागू होत नाही. अर्ध्या दिवसाचे हे काम राहून गेले.

वायसरची चाचणी पाण्यावर झाली, औषधावर नाही. नमुन्याचे वायसर वापरात असलेल्या ईसी औषधाच्या फवारणीच्या तीव्रतेच्या द्रावणात सात दिवस बुडवून आधी आणि नंतर मापले असते, तर फुगणे मेमध्येच दिसले असते. हातमोजे, मास्क लावून, उघड्यावर करायची ही चाचणी खर्चाची नाही.

मोटारीचे रेखाचित्र, भोकांची मापे आणि आट्यांचे माप खरेदी आदेशातच लिहून ‘यात बदल झाल्यास माल परत’ असे कलम टाकायला हवे होते. आता ते टाकले आहे. आयात भाग टाळता येत नसेल तर त्याचे माप तरी आपल्या कागदावर असावे, हे मंडळाने या खेपेनंतर नियम म्हणून घेतले.

एका मुद्द्यावर आमचे मत मंडळापेक्षा वेगळे आहे. २० रुपयांच्या नफ्यावर काम घेताना वॉरंटीची तरतूद (वरच्या १३० मधला तिचा वाटा) ८० रुपयांवरच ठेवली गेली. बॅटरी नवी, पुरवठादार नवा, अशा हंगामात ती निदान दीडपट धरायला हवी होती. मग २,३१० चा दर तोट्याचा दिसला असता आणि कदाचित काम सोडावेही लागले असते, पण निर्णय खऱ्या आकड्यावर झाला असता.

पुढच्या हंगामासाठी लान्स-ट्रिगरचा देशी संच ५० पंपांवर लावून पाहायचे ठरले आहे. मोटार आयातच राहणार. तिच्यासाठी शंभर डायफ्राम आणि ४० प्रेशर स्विच मार्चअखेर केंद्रात साठवण्याची तरतूद झाली आहे. हिंगण्याच्या कारखान्याला टाकीच्या बुडात दोन्ही मापांची भोके पाडून देता येतील का, हे विचारले आहे.